सोर्स परत आला का, हे मीटरने ठरवायचं

साखर कारखान्यांचा गाळप हंगाम आटोपला की शहाद्याकडच्या ऊसपट्ट्यात बॉयलरच्या दुरुस्त्या निघतात. भुसावळजवळच्या दीपनगर वीज केंद्रात एखादा संच बंद ठेवून देखभाल केली जाते. उपसा सिंचन योजनांसाठी पोलादी पाइप एकाला एक जोडत शेतांतून पुढे सरकतात. या सगळ्या कामांत वेल्डिंग झाल्यावर एकच प्रश्न उरतो: जॉइंट आतून भरीव आहे का? वरचा थर कितीही सुबक दिसला तरी आत वायूचे बुडबुडे असू शकतात, स्लॅग (वेल्डिंगचा मळ) अडकलेला असू शकतो, वेल्ड मुळापर्यंत पोचलेलंच नसतं. वाफेच्या दाबाखाली तो पाइप एक दिवस तिथेच फुटतो. म्हणून जॉइंटची रेडिओग्राफी करतात. साइटवर तिला नुसतं 'आरटी' म्हणतात.

तत्त्व सोपं आहे. पाइपच्या एका बाजूला किरणांचा स्रोत ठेवायचा, दुसऱ्या बाजूला फिल्म. धातू जिथे कमी, तिथून जास्त किरण पार जातात आणि फिल्म जास्त काळी होते. बुडबुडा काळा ठिपका म्हणून दिसतो, मुळाशी राहिलेली फट काळी सरळ रेघ म्हणून. फिल्म खरोखर बारकावे दाखवते आहे का, हे तपासायला जॉइंटवर ठरावीक जाडीच्या बारीक तारांचा पेनिट्रामीटर ठेवतात. नेमून दिलेली तार फिल्मवर दिसली नाही, तर दोष दिसत नाही म्हणून जॉइंट पास करता येत नाही. एक मर्यादा मात्र लक्षात ठेवावी लागते: चीर किरणांच्या रोखाशी जवळपास समांतर असेल तरच नीट दिसते, आडवी असेल तर निसटते.

एक्स-रे मशीनला वीज लागते, ते अवजड असतं आणि बॉयलरच्या नळ्यांच्या दाटीत शिरत नाही. म्हणून साइटवर बहुतेक वेळा इरिडियम-१९२ वापरतात. जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा हा तुकडा स्टीलच्या कुपीत बंद असतो. त्याचं अर्धायुष्य सुमारे ७४ दिवस. क्युरी हे सोर्सच्या ताकदीचं माप. म्हणजे आज ४० क्युरीचा सोर्स अडीच महिन्यांनी २० क्युरीचा होतो, पाच महिन्यांनी १० क्युरीचा, आणि तोच शॉट, म्हणजे फिल्मवर एकदा किरण टाकणं, घ्यायला चौपट वेळ लागतो. मशीनचं बटण बंद केलं की एक्स-रे थांबतात. इरिडियमला बटण नसतं. या कामातली सगळी शिस्त त्या एका गोष्टीतून येते.

किरण जाऊन आलेला पाइप किरणोत्सारी होत नाही, हेही इथेच सांगायला हवं. इरिडियमचे गॅमा किरण पोलादात काहीही शिल्लक ठेवत नाहीत. त्या बॉयलरवर बनलेली साखर किंवा त्या पाइपातून शेतात आलेलं पाणी पूर्ण निर्धोक असतं. धोका फक्त सोर्स उघडा असेपर्यंत, आणि तो जवळ असलेल्या माणसाला.

तो किती, हे आकड्यांत पाहू. २० क्युरीचा उघडा सोर्स १ मीटरवर ताशी सुमारे १०० मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या किरणांचं माप) मात्रा देतो. भारतात सामान्य माणसासाठी वर्षाची मर्यादा १ मिलिसिव्हर्ट आहे, म्हणजे १ मीटरवर अर्धा मिनिट उभं राहिलं तरी वर्षाचा कोटा जवळपास संपला. अंतर दुप्पट केलं की मात्रा चौथाई होते: १० मीटरवर ताशी १ मिलिसिव्हर्ट, १०० मीटरवर ताशी १० मायक्रोसिव्हर्ट (मिलिसिव्हर्टचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रोसिव्हर्ट). उलट बाजूने गेलं तर भीषण होतं. १ सेंटिमीटरवर हाच सोर्स दहा-वीस सेकंदांत कातडी लाल पडण्याइतकी आणि एक-दोन मिनिटांत ती मरण्याइतकी मात्रा देतो. त्या क्षणी ना चटका बसतो, ना वास येतो. खरी जखम काही दिवसांनी, कधी आठवड्यांनी उघडी पडते.

लोकांना लांब ठेवण्यासाठी कामाभोवती दोरी बांधतात. ती कुठे बांधायची ते याच हिशेबाने ठरतं. वर्षाचा १ मिलिसिव्हर्ट ५० आठवड्यांत वाटला तर आठवड्याला २० मायक्रोसिव्हर्ट येतात. एखाद्या जागी आठवड्यात सगळे शॉट मिळून सोर्स २ तास बाहेर राहणार असेल, तर दोरीवर ताशी १० मायक्रोसिव्हर्टपेक्षा जास्त चालणार नाही. २० क्युरीच्या उघड्या सोर्ससाठी ते अंतर १०० मीटर येतं. सोर्सच्या टोकाला टंगस्टनचा कॉलिमेटर, म्हणजे एका बाजूला तोंड उघडं असलेलं झाकण, लावून किरण सोळाव्या हिश्शावर आणले तर २५ मीटर पुरतात, पण फक्त कॉलिमेटरने झाकलेल्या बाजूंना. ज्या दिशेला त्याचं तोंड उघडं आहे तिकडे हा दिलासा नाही, म्हणून ते तोंड जमिनीकडे किंवा जाड भिंतीकडे करतात. हिशेब कागदावर झाला तरी पहिल्या शॉटला दोरीभोवती किरण मोजणारं मीटर घेऊन फिरावं आणि आकडा जास्त आला तर दोरी मागे सरकवावी. वरचा आणि खालचा मजलाही त्यात येतो. बॉयलरच्या जाळीदार प्लॅटफॉर्ममधून गॅमा किरण सरळ पार जातात.

हे काम बहुधा रात्री करतात, कारण साइटवर माणसं कमी असतात. पण खानदेशातल्या उन्हाळ्याच्या रात्री वेगळ्या असतात. भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की कामगार खोलीत झोपत नाहीत. शेडच्या मागे, गच्चीवर, मोकळ्या पाइपांच्या आडोशाला जिथे झुळूक येईल तिथे अंथरूण टाकतात. शेतातून जाणाऱ्या पाइपलाइनवर आणखी एक अडचण येते. शेतीपंपाची वीज कित्येकदा रात्रीच मिळते, म्हणून रावेर-यावलच्या बाजूला रात्री दोन वाजता माणूस केळीला पाणी धरत असतो. केळीच्या दाट बागेत दोन ओळींपलीकडचं काही दिसत नाही, आणि त्याला ना दोरी दिसते ना लाल दिवा. म्हणून आजूबाजूच्या शेतकऱ्यांना दिवसाच भेटून वेळ सांगावी, पहिल्या शॉटआधी बॅटरी घेऊन सगळा घेर चालून पाहावा आणि प्रत्येक वाटेवर एक माणूस उभा करावा. मराठीत लिहिलेला फलक हवाच. ज्याला पाणी धरायचं आहे त्याला किरणोत्साराच्या नुसत्या त्रिपानी चिन्हावरून काय समजणार?

आता सोर्स ज्यात ठेवतात त्या कॅमेऱ्याकडे. नाव कॅमेरा असलं तरी ती वीस-पंचवीस किलोची जड पेटी असते. आत युरेनियमचं जाड कवच असतं. अणुभट्टीत ज्याचा उपयोग होतो तो अंश बराचसा काढून घेतलेलं हे युरेनियम शिशापेक्षाही घट्ट असल्याने किरण चांगले अडवतं. त्या कवचातल्या वाकड्या नळीत सोर्स बसलेला असतो. सोर्सला एक छोटी लवचिक शेपटी असते. क्रँक फिरवला की सायकलच्या ब्रेकच्या तारेसारखी पण जाड ड्राइव्ह केबल ती शेपटी ढकलते आणि सोर्स गाइड ट्यूबमधून पाइपपर्यंत जातो. शॉट झाला की क्रँक उलटा फिरवून तो परत ओढायचा.

यातला सगळ्यात नाजूक भाग म्हणजे केबल आणि शेपटी यांची जोडणी. केबलच्या टोकाचा गोळा शेपटीच्या खाचेत पूर्ण बसला नाही तरी ढकलताना सोर्स बाहेर जातोच. परत ओढताना मात्र केबल एकटीच येते. नव्या कॅमेऱ्यांत जोडणी झाल्याशिवाय क्रँक फिरू नये अशी कुलूपव्यवस्था असते, पण गोळा आणि खाच झिजली की ती व्यवस्थाही फसते. म्हणून दर वेळी गेज लावून झीज तपासावी लागते, आणि मे महिन्याच्या धुळीत टोकं स्वच्छ कापडाने पुसूनच जोडावी लागतात. गाइड ट्यूब शक्य तेवढी सरळ ठेवावी, तिला आवळून वाकवू नये. तिच्यावर अँगल किंवा पाना पडून ती चेपली, तर सोर्स जाताना अडत नाही आणि येताना अडकतो, असंही घडतं.

क्रँकवर काउंटर असतो, फिरकी शेवटी अडल्याचं हाताला कळतं. अनुभवी माणूस त्यावरच म्हणतो, आला आत. आमच्या मते या कामातला सगळ्यात धोकादायक क्षण हाच. सोर्स बाहेर असतो तेव्हा सगळे दूर असतात. तो आत गेला असं सगळ्यांना वाटतं तेव्हा फिल्म बदलायला माणूस थेट पाइपला हात लावतो. काउंटर केबलचं सांगतो, सोर्सचं नाही. म्हणून प्रत्येक शॉटनंतर सर्व्हे मीटर हातात धरूनच पुढे जायचं: आधी कॅमेऱ्यापर्यंत, मग त्याच्या चारही बाजूंनी, मग गाइड ट्यूबच्या बाजूने टोकापर्यंत. कॅमेऱ्याजवळचा आकडा कामाआधी टिपलेल्या आकड्याइतका आला तर सोर्स जागेवर आहे. मग कुलूप लावायचं आणि मगच फिल्म काढायची. रात्रीत चाळीस शॉट असतील तर हे चाळीस वेळा.

मीटरवरही डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही. सोर्स आत असतानाही कॅमेऱ्याच्या पृष्ठभागावर थोडे किरण येतातच, त्यामुळे कॅमेऱ्याला टेकवूनही मीटर शून्य दाखवत असेल तर मीटर मेलेलं आहे. सेल संपलेला असेल किंवा तार तुटलेली. काही गायगर मीटर फार तीव्र किरणांत गुदमरून उलट शून्याकडे येतात. म्हणून मीटर लांबूनच चालू करून आकडा चढतो कसा हे बघत जवळ जायचं. छातीवरचा टीएलडी बॅज मिळालेली मात्रा साठवून ठेवतो, पण ती कळते प्रयोगशाळेतून, कित्येक दिवसांनी. त्या क्षणी ओरडून सांगणारा खिशातला डोसिमीटर वेगळा लागतो.

सोर्स अडकलाच तर क्रँकच्या जागेवरूनच दोन-तीनदा हलक्या हाताने पुढे-मागे करून बघायचं. जोर लावला तर केबल तुटते. नाही आला तर मागे हटायचं, दोरी वाढवायची, पहारा ठेवायचा आणि विकिरण सुरक्षा अधिकाऱ्याला बोलवायचं. घाई करायचं काहीच कारण नसतं, माणसं दूर असतील तर सोर्स तिथे सकाळपर्यंत पडून राहिला तरी कोणाचं काही बिघडत नाही. पुढचं काम प्रशिक्षित माणसांनी, शिशाच्या छऱ्यांच्या पिशव्या आणि लांब दांड्याचे चिमटे वापरून, आधी नकली सोर्सवर तालीम करून करायचं असतं. हाताने कधीही नाही.

सुटून पडलेला सोर्स कोणी उचलला तर काय होतं, हे जगाने पाहिलं आहे. पेरूमध्ये यानांगो इथल्या जलविद्युत प्रकल्पावर फेब्रुवारी १९९९ मध्ये एका वेल्डरने इरिडियमचा सोर्स उचलून पँटच्या मागच्या खिशात टाकला आणि काही तास तो तसाच वागवला. त्याचा पाय कापावा लागला. मोरोक्कोत १९८४ साली असाच सोर्स एका घरात पोचला आणि आठ जणांचा जीव गेला. म्हणून वीज केंद्र, कारखाना किंवा पाइपलाइनच्या आसपास चकचकीत धातूची, लवचिक शेपटी असलेली छोटी वस्तू दिसली तर हात लावू नये. भंगारात तर मुळीच घालू नये. लांब जाऊन साइटवरच्या लोकांना आणि पोलिसांना कळवावं.

सुरक्षिततेचा एक भाग फिल्मच्या दर्जातही असतो, कारण फिल्म बिघडली की शॉट पुन्हा, म्हणजे सोर्स पुन्हा बाहेर. लवकर आटपावं म्हणून सोर्स जॉइंटच्या जवळ आणण्याचा मोह होतो. २० मिलिमीटर जाडीच्या जॉइंटसाठी ३ मिलिमीटरचा सोर्स ५० सेंटिमीटरऐवजी १० सेंटिमीटरवर ठेवला, तर फिल्मपर्यंतचं अंतर ५२ वरून १२ सेंटिमीटर होतं आणि वेळ एकोणिसाव्या हिश्शावर येतो. पण कडांचा धूसरपणा ०.१२ मिलिमीटरवरून ०.६ वर जातो. ५० मिलिमीटरपेक्षा कमी जाडीला अमेरिकन कोडची मर्यादा ०.५१ आहे. फिल्म नापास.

आणि आपल्याकडचा उन्हाळा. फिल्मवरचं चित्र उमटवणारं रसायन, म्हणजे डेव्हलपर, २० अंशांना ५ मिनिटं, असं गणित असतं. मे महिन्यात छतावरच्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं. गरम डेव्हलपरमध्ये फिल्म धुरकटते, वरचा थर मऊ होऊन सोलवटतो. थंड डेव्हलपरमधून काढलेली फिल्म गरम पाण्यात धुतली तर त्या थरावर बारीक सुरकुत्या पडतात. बर्फ डेव्हलपरमध्ये टाकू नये, ते पातळ होतं. सगळ्या टाक्या एका मोठ्या हौदात ठेवून हौदाच्या पाण्यात बंद पिशवीतला बर्फ सोडावा, म्हणजे सगळ्यांचं तापमान सारखं राहतं. धुण्याचं पाणी पहाटे भरून सावलीत ठेवावं. कोऱ्या फिल्मचे डबे दुपारी जीपमध्ये राहिले तर शॉटच्या आधीच फिल्म काळवंडते.

कारखान्याच्या व्यवस्थापकाने कॅमेरा गेटमधून आत घेण्याआधी काही गोष्टी मागून पाहाव्यात. अणुऊर्जा नियामक परिषदेचा त्या एजन्सीच्या नावाचा परवाना, रेडिओग्राफरचं प्रमाणपत्र, सुरक्षा अधिकाऱ्याचं नाव आणि फोन, सोर्सची आजची क्युरी, मीटरच्या कॅलिब्रेशनची तारीख, प्रत्येकाच्या छातीवर बॅज. रात्री कॅमेरा कुठे ठेवणार तेही विचारावं. त्याला कुलूपबंद, वस्तीपासून दूर, पहाऱ्यातली जागा लागते, जीपची डिकी चालत नाही. मीटर किती आणले हे शेवटी विचारावं. एकच असेल आणि ते रात्री दोन वाजता बंद पडलं, तर सोर्स आत आहे की बाहेर हे साइटवर कोणालाच सांगता येणार नाही. दुसरं मीटर येईपर्यंत काम सुरू करू देऊ नये.