दुकानातली लूट : बचावाचा हक्क वेगळा, पकडण्याचा हक्क वेगळा

नागपुरात इतवारीच्या सराफा ओळीत किंवा सीताबर्डीवर एखादं दुकान लुटलं गेलं, की पानठेल्यापासून व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत एकच वाक्य फिरतं : ‘तिथं कोणाजवळ परवान्याचं पिस्तूल असतं, तर एकही जिवंत सुटला नसता.’ या वाक्यात दोन हक्क एकत्र कालवलेले आहेत. एक जीव आणि माल वाचवण्याचा, दुसरा गुन्हेगाराला पकडून पोलिसांच्या हवाली करण्याचा. कायद्याने दोन्ही दिले आहेत आणि दुकानात सहज आलेल्या गिऱ्हाइकालाही ते आहेत. पण पहिल्यात जेवढा जोर लावता येतो तेवढा दुसऱ्यात येत नाही. हे माहीत नसल्यामुळे मदतीला धावलेला भला माणूस खुनाचा आरोपी होऊ शकतो.

किरकोळ गोष्टी आधी उरकून घेऊ. चौघांनी चाकू दाखवून गल्ला नेला तर जबरी चोरी, पाच किंवा जास्त जण असले तर दरोडा. दुकानात उभ्या असलेल्या माणसाला त्या क्षणी या फरकाचा उपयोग नाही. परवाना शहरात पोलीस आयुक्त देतात, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी. तो शस्त्र बाळगण्याचा कागद आहे, गोळी कधी झाडायची ते त्यातून ठरत नाही. ‘दुकान आपलं नाही, मग आपल्याला हक्क कसा?’ हा प्रश्नही नको. भारतीय न्याय संहितेचं कलम 35 दुसऱ्याच्या शरीराच्या आणि मालमत्तेच्या बचावाचा हक्कही देतं.

खरा घोळ वेळेचा आहे. जबरी चोरीत गरज पडल्यास हल्लेखोराचा जीव जाईपर्यंत बचाव करता येतो, असं कलम 41 सांगतं. लोक इथंच वाचन थांबवतात. कलम 43 पुढे सांगतं की जबरी चोरीविरुद्धचा हा हक्क लुटारू कोणाला मारतो आहे, जखमी करतो आहे, अडवून धरतो आहे किंवा तशी तात्काळ भीती कायम आहे, तोवरच टिकतो. साध्या चोरीत उलटं आहे. तिथं हक्क चोर माल घेऊन निसटेपर्यंत, पोलिसांची मदत मिळेपर्यंत किंवा माल परत हाती येईपर्यंत चालतो, पण सहसा जीव घेण्यापर्यंत जात नाही. गुन्हा मोठा म्हणून हक्क लांब चालेल, हा समज चुकीचा आहे. भीती जिथं संपली, तिथं गोळीचा हक्कही संपला.

आता दुकानाचं दार डोळ्यांसमोर आणा. मालकाच्या कानाला कट्टा, म्हणजे गावठी पिस्तूल, लावलेला आहे आणि बोट घोड्यावर आहे. इथं हक्क पूर्ण आहे. त्याच माणसाने पिशवी उचलली, पाठ फिरवली, उंबरा ओलांडला, बाहेर चालू ठेवलेल्या दुचाकीकडे तो धावतो आहे. चार पावलांचंच अंतर, पण आता त्याच्या पाठीत घातलेली गोळी बचावात बसवणं फार कठीण. पळता पळता तो वळून गोळी झाडू लागला तर हक्क पुन्हा जागा होतो, कारण माल नेताना केलेली हिंसाही जबरी चोरीतच मोडते. नुसता पळत असेल, तर नाही. 2010 साली दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या हक्काची तत्त्वं मांडली. हा हक्क बचावासाठी आहे, सूड उगवण्यासाठी नाही, हे त्यात स्पष्ट आहे. आणि बचाव केला हे दाखवण्याचं ओझं गोळी झाडणाऱ्यावर असतं.

मग पळणाऱ्याचं काय? तिथं दुसरा हक्क लागू होतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 40 नुसार, डोळ्यांदेखत अजामीनपात्र आणि दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) गुन्हा करणाऱ्याला कोणीही पकडू शकतो, मात्र सहा तासांच्या आत त्याला पोलिसांकडे सोपवावं लागतं. पाय घालून पाडा, चौघं मिळून दाबून धरा, पिशवी हिसकावून घ्या. पकडून झाल्यावर एक थप्पडही नको. बांधलेल्या माणसाला जमावाने मारणं हा सरळ गुन्हा आहे, आणि त्याचे व्हिडिओ अभिमानाने फिरवले जातात याची मला मनापासून चीड आहे.

कायदा परवानगी देतो म्हणून शस्त्र काढावंच, असंही नाही. माझं मत पक्कं आहे : नुसत्या मालासाठी काढूच नये. सोन्याचा विमा उतरवता येतो. इतवारीच्या गल्लीत समोरचं दुकान काही पावलांवर असतं, मधे गर्दी असते आणि चुकलेली गोळी कुठंतरी लागतेच. काच, प्लायवूड, शोकेस यांनी .32 बोअरच्या पिस्तुलाची गोळी अडेल असं धरून चालू नका. ग्रॅनाइटवरून ती उसळू शकते. आडोसा हवा तर काँक्रीटचा खांब किंवा जाड भिंत. कट्ट्यात बहुधा एकच गोळी असते, पण त्या भरवशावर पुढे होऊ नका. आत दिसतात तेवढेच लुटारू असंही समजू नका. गिऱ्हाईक बनून उभा असलेला साथीदार तुमच्या मागेच असू शकतो. धाक म्हणून हवेत गोळी तर कधीच नाही.

म्हणून क्रम असा. खाली बसा, हात दिसू द्या, डोळे उघडे ठेवा. दुचाकीचा क्रमांक, ती कुठल्या दिशेला गेली, बूट, बोलण्याची ढब हे लक्षात ठेवा. चेहरा झाकता येतो, बूट बदलायला वेळ मिळत नाही. समोर कोणाचा जीव जाणारच असं दिसलं, हल्लेखोराच्या मागे कोणी नसलं आणि दुसरा मार्ग उरला नसला, तरच शस्त्र बाहेर.

गोळी झाडावीच लागली, तर हल्ला थांबताक्षणी थांबा. रिकामी काडतुसं जिथं पडली तिथंच राहू द्या, जागा सोडून जाऊ नका. शस्त्र पोलीस पंचनामा करून जप्त करतील आणि तपासणीसाठी न्यायसहायक प्रयोगशाळेत पाठवतील. कितीदा झाडली, कुठून झाडली हे वकिलाशी बोलून नेमकं सांगा, फुगवून नाही. सगळ्यात धोक्याची वेळ पोलीस दारात येतात ती. त्यांना दिसतो फक्त हातात पिस्तूल असलेला माणूस. म्हणून 112 वर बोलतानाच सांगा, किंवा शेजाऱ्याकडून सांगवा : ‘लुटारू पळाले आहेत, निळ्या शर्टातले गृहस्थ परवानाधारक आहेत, शस्त्र काउंटरवर ठेवलं आहे.’ आणि ते खरंच काउंटरवर ठेवून, दोन्ही तळवे मोकळे दाखवत दोन पावलं मागे उभे राहा.