फिरगज

फिरगज : गोव्यातील कॅथलिक ख्रिस्ती समाजाचे गावपातळीवरचे एकक. एका विगाराच्या, म्हणजे मुख्य पाद्रीच्या, देखरेखीखालचा मुलूख आणि त्यात राहणारी झाडून सगळी कॅथलिक कुटुंबे मिळून एक फिरगज होते. वसईकडच्या मराठीत याला ‘धर्मग्राम’ म्हणतात. गोव्यात मराठी बोलणाऱ्याच्या तोंडीही तो शब्द येत नाही. पोर्तुगीज ‘फ्रेगेझिया’चे कोकणीत फिरगज झाले. त्याच्या मुळाशी ‘फिलिउस एक्लेसिए’ हे लॅटिन शब्द आहेत, अर्थ ‘चर्चचा पुत्र’. चर्चच्या इमारतीला इगर्ज, वाड्यावरच्या लहान प्रार्थनाघराला कोपेल, रस्त्याकडेच्या क्रुसाला खुरीस असे वेगवेगळे शब्द आहेत. बाहेरचा माणूस गोव्याला येऊन इगर्ज पाहून जातो. फिरगज त्याला दिसत नाही, कारण ती पाहायला रविवारच्या मिशीनंतर (मीस म्हणजे चर्चमधली उपासना) अंगणात रेंगाळणारी माणसे पाहावी लागतात.

गोवा व दमण या महाधर्मप्रांतात अशा दीडशेहून अधिक फिरगजी आहेत. 2011 च्या जनगणनेत गोव्याच्या 14,58,545 लोकसंख्येत ख्रिस्ती 3,66,130, म्हणजे सुमारे 25 टक्के होते. तिसवाडी, बार्देश आणि साष्टी या जुन्या काबिजादीत, म्हणजे आधी जिंकलेल्या मुलखात, त्यांची दाट वस्ती आहे. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा हे महाल अठराव्या शतकात पोर्तुगीजांकडे आले. तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता, म्हणून तिथे फिरगजी मोजक्या आणि विरळ आहेत.

घडण

1510 मध्ये आफोंसो द आल्बुकेर्कने गोवा जिंकला. 1534 मध्ये गोव्याला स्वतंत्र बिशप मिळाला. फ्रान्सिस झेवियर 6 मे 1542 रोजी गोव्यात उतरला. बार्देश फ्रान्सिस्कन आणि साष्टी जेझुइट या धर्मसंघांकडे अशी पुढे वाटणी झाली. या काळात देवळे पाडली गेली. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. तिसवाडीत देवळांच्या जमिनींचे उत्पन्न 1541 पासून ख्रिस्ती संस्थांकडे वळवण्यात आले. 1560 मध्ये आलेले इन्क्विझिशन (धर्मन्यायालय), मधली काही वर्षे सोडता, 1812 पर्यंत टिकले. कुंकळ्ळीत 15 जुलै 1583 रोजी गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार केले, आणि त्याचा सूड म्हणून गावच्या नायकांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून मारण्यात आले. फिरगजेच्या इतिहासातले हे पान कोणी चटकन उघडत नाही, पण पुढचे सगळे त्याच्यावरच लिहिलेले आहे.

नवल असे, की देऊळ गेले तरी देवळाभोवतीचा गाव जागच्या जागी राहिला. शेते, बांध, खाजने (खाडीकाठची बांध घातलेली शेती) सामाईक मालकीने सांभाळणारी गावकरी ही संस्था (पोर्तुगीजांची ‘कोमुनिदाद’) 1526 च्या सनदेने राज्यकर्त्यांनी मान्यच केली होती. पूर्वी देवळाचा खर्च गावकरी उचलायची, आता इगर्जीचा उचलू लागली. गावकाराचे, म्हणजे गावकरीच्या सभासदाचे, मान, वांगडांचा (घराण्यांचा) क्रम, मिरवणुकीत कोण कुणाच्या पुढे हे जुने हिशेब नव्या छपराखाली आले. त्याबरोबर जातही आली. बामण, चार्दो, सुदीर हे भेद बाप्तिस्म्याने पुसले गेले नाहीत. काही गावांत अमुक कोंफ्रारी (इगर्जीतले सभासदांचे मंडळ) अमुक जातीची असे पिढ्यान्‌पिढ्या चालत राहिले, आणि त्यावरून भांडणेही झाली. ख्रिस्ती शिकवणीत याला आधार नाही हे विगारालाही ठाऊक असते आणि भांडणाऱ्यांनाही.

गोव्याचे पाद्री मात्र लवकर गोव्याचेच झाले. दिवाडी बेटावरचे मातेउश द काश्त्रु 1637 मध्ये बिशप झाले. तरी वरच्या जागा गोऱ्यांना आणि कष्टाच्या जागा स्थानिकांना ही तक्रार मिटली नाही. पोर्तुगीज सत्तेविरुद्धच्या 1787 च्या पिंटोंच्या कटात पाद्री पुढे होते त्यामागे हेही कारण होते. 1759 मध्ये जेझुइटांना हाकलले गेले आणि 1830 च्या दशकात उरलेल्या संघांचे मठही बंद झाले, तेव्हा फिरगजी गोमंतकीय पाद्रींच्याच हाती होत्या. बाणावली-सांकवाळशी नाते असलेले जुझे व्हाज (1651–1711) श्रीलंकेत जाऊन डचांच्या सत्तेखाली विखुरलेल्या कॅथलिकांसाठी लपूनछपून फिरले. त्यांना 14 जानेवारी 2015 रोजी कोलंबोत संतपद देण्यात आले.

कारभार आणि कोंफ्रारी

विगाराच्या मदतीला पाद्र कूर असतो. सांक्रिस्तांव घंटा, दिवे आणि किल्ल्या सांभाळतो. इगर्जीची जमीन, माड, भाडी आणि डागडुजी हे ‘फाब्रिक’ बघते. तिचा अध्यक्ष विगार आणि मुखत्यार, खजिनदार, चिटणीस गावातले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (1962–65) सल्लागार मंडळात बायकांना व तरुणांना जागा मिळाली आणि वाड्यावाड्यावर ‘ल्हान क्रिस्तांव समुदाय’ उभे राहिले. पंधरा-वीस घरे एकत्र बसून बायबल वाचतात, आणि मग बोलणे साहजिकच नळाच्या पाण्यावर आणि कचऱ्यावर येते.

यांतली सर्वांत जुनी आणि सर्वांत गोमंतकीय संस्था म्हणजे कोंफ्रारी. एखाद्या संताच्या नावाने स्थापन झालेले हे सभासदांचे मंडळ. मिरवणुकीत सभासद पांढरा ओपा (झगा) घालतात, खांद्यावर लाल मुर्सा (आखूड केप), हातात मेणबत्ती. म्हातारे घामाने निथळत असतात, तरी मुर्सा काढत नाहीत. कोंफ्रारीचे खरे काम फेस्ताच्या, म्हणजे संताच्या सणाच्या, झगमगाटात कळत नाही, मरणाच्या दिवशी कळते. सभासद गेला की घंटा वाजते, मंडळाचा क्रूस घरी येतो, सभासद ओपा-मुर्सा चढवून प्रेताबरोबर चालतात आणि मृताच्या आत्म्यासाठी ठरलेल्या मिशी होतात. गरिबालाही एकट्याने जावे लागत नाही. शेमित्रीत (दफनभूमीत) जागा अपुरी असल्याने थडगे तीनेक वर्षांनी पुन्हा उघडतात. हाडे वेचून भिंतीतल्या कोनाड्यात किंवा सामाईक खड्ड्यात ठेवतात, आणि त्याच मातीत शेजारचा माणूस जातो.

वर्षाचा फेरा

फिरगजेचे वर्ष नाताळापासून मोजावे की पावसापासून, हा प्रश्न गैरलागू नाही. 5 ऑगस्टला साष्टीतल्या राय गावी कणसांचे फेस्त होते. पाद्री मिरवणुकीने शेतात जातो, भाताला आशीर्वाद देतो, विळ्याने पहिली कणसे कापतो. ती वेदीवर वाहून मग घरोघर वाटली जातात. ताळगावात हाच सोहळा 21 ऑगस्टला असतो. हिंदू घरांत चतुर्थीच्या सुमारास नव्या कणसांची पूजा होते. भात एकच, पाऊस एकच. त्यामुळे दोन्ही दाराशी नवे जवळपास एकदमच येते.

त्याआधी 24 जूनला सांजांव : डोक्यावर फुलापानांचा मुकुट (यालाही कोपेलच म्हणतात) घालून विहिरीत उड्या आणि नव्या जावयाचे कौतुक. नंतर 3 डिसेंबरला जुन्या गोव्यात गोंयच्या सायबाचे, म्हणजे फ्रान्सिस झेवियरचे, फेस्त, त्याआधी नऊ दिवस नोवेना, म्हणजे रोजची प्रार्थना. पायी चालत येणाऱ्यांत हिंदूही असतात. नाताळाला नेवऱ्या, दोदोल, बेबिंक ताटात घालून शेजारी पाठवायचे, चतुर्थीला त्याच ताटातून करंज्या परत यायच्या. ताट रिकामे परत करत नाहीत.

प्रत्येक इगर्जीचे स्वतःचे फेस्त वेगळे. आदल्या संध्याकाळी वेस्प्र (सायंप्रार्थना), दिवशी मोठी मीस, लांब शेर्मांव (प्रवचन), बँडच्या तालावर मिरवणूक, रात्री तियात्र (कोकणी नाटक). खर्च उचलतो तो फेस्ताचा प्रेजिदेंत, आणि हा मान पुष्कळदा बोटीवरून सुटीवर आलेल्या तारवट्याकडे जातो. बाहेर फेरी, म्हणजे बाजार, भरते. तिथे आले घातलेले खाजे, लाडू आणि चणे विकणारे खाजेकार बहुधा हिंदूच असतात. पुढच्या आठवड्यात तेच दुकान जत्रेत दिसते.

खुरसाकडची लादाइन, म्हणजे गाऊन म्हटलेली सामुदायिक प्रार्थना, मात्र फिरगजेचे सर्वांत जवळून दिसणारे रूप आहे. मे महिन्यात वाड्यावरच्या खुरसाला चुना लावतात, झेंडूच्या माळा घालतात. तिन्हीसांजेला एक जण व्हायोलिन लावून घेतो, बायका पहिला स्वर धरतात, मागे उभे बाप्ये खालचा. प्रार्थना लॅटिन. ‘ओरा प्रो नोबिस’चा अर्थ निम्म्यांना ठाऊक नसतो, उच्चार तर प्रत्येक वाड्याचा वेगळा, पण सुरांची जुळणी चुकत नाही. प्रार्थना संपली की कागदाच्या पुडीत उकडलेले चणे, वर खोबऱ्याचे काप आणि मोठ्यांना हुर्राक (काजूची दारू). धाकटी मुले थोरांपुढे हात जोडून ‘बेसांव दी’ (आशीर्वाद दे) म्हणतात, थोरले कपाळावर हात ठेवतात. पाद्री असला तर असतो, नसला तरी अडत नाही. पावसाळा सरला की साइबिणीची, म्हणजे मरियेची, मूर्ती अशीच घरोघर फिरते : एका घरी रात्रभर वस्ती, दुसऱ्या दिवशी रुझार (जपमाळेची प्रार्थना) म्हणून, गाणी गात शेजारच्या घरी. ज्यांचे बोलणे बंद आहे अशा दोन घरांनाही त्या रात्री एकमेकांच्या उंबऱ्यावर यावेच लागते.

शाळा, स्वर आणि भाषा

इगर्जीच्या शाळेत मेस्त (गुरुजी) मुलांना दोतोर्नीबरोबर (धर्मशिक्षणाबरोबर) सोल्फेज, म्हणजे लिहिलेले सूर वाचणे, शिकवी. हेतू इतकाच, की मिशीला गायक मिळावेत. मिळाले ते त्याहून जास्त : मुंबईच्या हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत नोटेशन वाचून व्हायोलिन, ट्रंपेट, चेलो वाजवणारे गोमंतकीय याच शाळांतून गेले. तेच मुंबईतल्या कुडींचे. धोबीतलावच्या आसपास गावोगावच्या तारवट्यांनी भाड्याच्या खोल्यांत ‘कूड’ थाटल्या. कोपऱ्यात गावच्या संताची वेदी, संध्याकाळी सक्तीचा रुझार, वर्षातून एकदा फेस्त, भिंतीकडेला ओळीने पेट्या. ती मुंबईत नेलेली फिरगजच होती.

भाषेचा प्रश्न मराठी वाचकाला जवळचा आहे. इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्सने लिहिलेले ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये राशोल (रायतूर) येथे छापले गेले. भाषा मराठी, लिपी रोमन. नवख्रिस्ती लोकांना ओव्यांची सवय होती, आणि पुराण काढून घेतले तर जागी पुराणच द्यावे लागते हे त्याने ओळखले. पुढे वारे फिरले. 1684 च्या फर्मानाने स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याची सक्ती करण्याचा प्रयत्न झाला. फर्मान कागदावर उरले, कोकणी घरात उरली. साठच्या दशकानंतर लॅटिनची जागा कोकणीने घेतली, तीही रोमन लिपीतली. 1987 च्या राजभाषा कायद्यात कोकणीची व्याख्या देवनागरीची, त्यामुळे लिपीचा वाद अजून धुमसतो. 1990 नंतर चर्चच्या अनुदानित प्राथमिक शाळांत कोकणी माध्यम आले आणि 2011 मध्ये इंग्रजी माध्यमालाही अनुदान मिळाले, तेव्हा मराठी-कोकणीवादी एरवी कधी नव्हे ते एका व्यासपीठावर आले. मराठीतून मीस ऐकायची तर पत्रादेवीपलीकडे सिंधुदुर्गात जावे. तिथला धर्मप्रांत 2005 मध्ये वेगळा झाला.

शेजार

म्हापशाच्या इगर्जीतली मिलाग्रीस साइबीण ही शिरगावच्या लईराई देवीची बहीण, अशी गोव्यात श्रद्धा आहे. ईस्टरनंतर पंधरवडा उलटला की सोमवारी तिचे फेस्त येते. हिंदू भाविक तेल घेऊन रांगेत उभे राहतात आणि पाद्री त्यांना ‘ही देवी नव्हे’ असे सांगायला जात नाहीत. तळावलीच्या सांत आनाला जुलैअखेरीस जोडपी तवशी (काकड्या) वाहून मूल मागतात, तिथेही दोन्ही धर्मांचे लोक. कुंकळ्ळीहून हुसकावलेली शांतादुर्गा फातर्प्याला गेली. तिच्या छत्र्या वर्षातून एकदा मूळ गावी येतात, तेव्हा तिथले ख्रिस्ती गावकारही रस्त्यावर असतात. याला सर्वधर्मसमभाव म्हणणे जरा पुस्तकी होईल. गाव विभागला गेला, भावबंदकी विभागली गेली नाही, एवढेच त्यात आहे.

सगळे ख्रिस्ती फिरगजेत मोडत नाहीत, हेही नोंदवायला हवे. वेर्ण्याचे आल्वारिश (1836–1923) हे पाद्री कॅथलिक चर्चमधून बाहेर पडून मलंकारा सीरियन परंपरेत बिशप झाले. त्यांची समाधी रायबंदरला आहे. प्रॉटेस्टंट आणि पेंटेकोस्टल मंडळ्याही शहरांत आहेत.

सद्यस्थिती

आज फिरगजेची अडचण श्रद्धेपेक्षा माणसांची जास्त आहे. पोर्तुगीज पासपोर्ट काढून पुष्कळ कुटुंबे इंग्लंडला गेली. स्विंडनमध्ये गोवेकरांची मोठी वस्ती झाली आहे. बार्देश-साष्टीत बंद घरांसमोरचे बलकांव (बसायचे सोपे) ओस पडले. साइबिणीची भोवंडी काही वाड्यांवर चार दिवसांत आटोपते, लादाइनीला व्हायोलिनवाला दुसऱ्या गावातून आणावा लागतो. उलट बाजूने झारखंड-ओडिशाकडचे कॅथलिक कामगार येतात. त्यांच्यासाठी हिंदी मीस होते. कोंफ्रारीच्या वहीत त्यांची नावे सहसा दिसत नाहीत.

बाप्तिस्म्याची वही मात्र गावीच राहते. कॅथलिक नियमाप्रमाणे माणसाचे लग्न जगात कुठेही लागले तरी त्याची खबर त्याचा बाप्तिस्मा झालेल्या इगर्जीला कळवावी लागते. स्विंडनहून कागद येतो, विगार जुने पान शोधतो आणि पंचवीस-तीस वर्षांपूर्वी लिहिलेल्या नावाशेजारी, समासात, बारीक अक्षरात तारीख घालतो.