अपघात नक्की झाला कुठे? ब्लॅक स्पॉटच्या नकाशामागची गोष्ट

पुण्यात कुठेही मोठा अपघात झाला की दुसऱ्या दिवशी 'ब्लॅक स्पॉट', म्हणजे वारंवार अपघात होणारी जागा, हा शब्द सगळ्यांच्या तोंडी असतो, पुढारी बोलतात, चॅनलवाले बोलतात, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एखादा लाल ठिपक्यांचा नकाशाही येऊन पडतो. हे ठिपके येतात कुठनं, कोण टाकतं, किती खरे असतात हे मात्र फार कुणी विचारत नाही. जीआयएस, म्हणजे माहिती जागेसकट साठवून नकाशावर मांडणारी कॉम्प्युटरची व्यवस्था, म्हटलं की चर्चा सॉफ्टवेअरची होते, पण माझं मत विचाराल तर या सगळ्या इतिहासात सॉफ्टवेअर हा त्यातल्या त्यात सोपा भाग होता, गाडी अडली ती 'कुठे' या एका रकान्यात.

गोष्ट सांगणारे सुरुवात लंडनच्या डॉ. जॉन स्नोपासून करतात. १८५४ ची कॉलऱ्याची साथ, ब्रॉड स्ट्रीटचा पंप, नकाशावर मांडलेले मृत्यू, हे बऱ्याच जणांनी वाचलेलं असतं. पण एक फरक लक्षात घ्या, स्नोकडे मेलेल्या माणसांच्या घरांचे पत्ते होते. रस्त्याच्या मधोमध पडलेल्या माणसाला कसला पत्ता? पुढे मोटारी वाढल्यावर युरोप-अमेरिकेतल्या पोलिसांनी भिंतीवर शहराचा नकाशा लावून त्यात रंगीत टाचण्या टोचायला सुरुवात केली, मृत्यूला एक रंग, जखमीला दुसरा, आणि वर्ष संपलं की टाचण्या काढून पुन्हा कोरा नकाशा. म्हणजे मागच्या वर्षाशी तुलना करायची तर नकाशाचा फोटो काढून ठेवला असेल तरच.

ब्रिटिशांनी यात एक शहाणपणाचं काम केलं. १९४९ पासून त्यांच्याकडे अपघाताच्या नोंदीचा देशभर एकच फॉर्म आहे, स्टॅट्स १९ म्हणतात त्याला, आणि पुढे त्यात जागेचा ग्रिड रेफरन्स लिहायची पद्धत बसली, म्हणजे दोन आकडे टाकले की जागा ठरली. तिकडे कॅनडात १९६० च्या दशकात रॉजर टॉमलिन्सन यांनी जमिनीची मोजदाद करायला कॉम्प्युटरवर पहिली मोठी जीआयएस उभी केली, रस्त्यांचा त्यात तसा संबंध नव्हता. १९६९ मध्ये डेंजरमंड नवरा-बायकोनी एस्री ही कंपनी काढली, जी पुढे जीआयएस सॉफ्टवेअरसाठी ओळखली गेली, २००२ मध्ये क्यूजीआयएस हे फुकटचं सॉफ्टवेअर सुरू झालं, आणि आज कुठल्याही कॉलेजातला पोरगा लॅपटॉपवर हीटमॅप, म्हणजे जिथे अपघात जास्त तिथे रंग गडद असा नकाशा, काढतो. आकडे असतील तर.

आपल्याकडे आकडे होते, पण एफआयआरमध्ये. ज्यांनी कधी एफआयआर नीट वाचलीये त्यांना तो रकाना आठवेल, घटनास्थळाची पोलीस ठाण्यापासून दिशा आणि अंतर. समजा तिथे 'दक्षिणेस अंदाजे ४ किमी' लिहिलंय, तर कोर्टाला तेवढं पुरतं, हद्द कुणाची ते कळतं, पण नकाशावर ठिपका टाकायला बसलात की परिघाचा एक आख्खा तुकडा हातात येतो, त्यावर कुठेही टाका. खाली पत्ता असतो तो अमक्या हॉटेलसमोर, तमक्या पेट्रोल पंपाच्या अलीकडे. हॉटेल दोन वर्षांत बंद पडतं. त्यात पुण्यात चौकांना दोन-दोन नावं, पाटीवर टिळक चौक आणि लोकांच्या तोंडी अलका टॉकीज, पाटीवर खंडुजीबाबा चौक आणि सगळे म्हणणार डेक्कन कॉर्नर. कॉम्प्युटरला हे दोन वेगळे चौक वाटतात आणि एका जागेचे अपघात दोन ठिकाणी विभागले जातात, मग दोन्हीकडे आकडा कमी दिसतो.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे पुण्याच्या दक्षिणेला मुंबई-बंगळुरू हायवेवरचा नवले पूल. नवीन कात्रज बोगद्यातनं बाहेर पडल्यावर खाली वडगावपर्यंत सलग उतार आहे, मध्ये दरी पूल, स्वामीनारायण मंदिर, नऱ्ह्याचा सेल्फी पॉइंट, भूमकर चौक, आणि यातल्या कुठल्याही जागी काही झालं तरी बातमीत येतं 'नवले पुलाजवळ अपघात'. नुसत्या बातम्यांवरनं नकाशा काढला तर सगळे ठिपके पुलावर गोळा होणार. बरं, पूल म्हणजे तरी काय, वरनं हायवे, बाजूनं सर्व्हिस रोड, खालनं सिंहगड रोडकडे जाणारी वाहतूक, आणि नकाशा सपाट, त्यामुळे अक्षांश-रेखांश अगदी बरोबर असले तरी अपघात वर झाला की खाली ते ठिपका सांगत नाही.

आणि जागा बरोबर सापडली तरी कारण तिथेच असेल असं नाही ना. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका अवजड गाडीनं याच उतारावर कितीतरी गाड्यांना धडक दिली. असे अपघात झाले की डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल केल्याची किंवा इंजिनच बंद केल्याची चर्चा होतेच. अवजड गाड्यांचे ब्रेक हवेवर चालतात, इंजिन बंद म्हणजे कॉम्प्रेसर बंद, मग प्रत्येक वेळी ब्रेक दाबला की टाकीतली हवा कमी होत जाते आणि शेवटी पायाखाली काहीच राहत नाही. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू असलं तरी गिअरचा अडसर नसतो, सगळा भार ब्रेकवर येतो आणि ते तापून निकामी होतात. ठिपका पडतो खाली जिथे धडक झाली तिथे, चूक झालेली असते वर बोगद्यापाशी. नकाशा बघून फक्त खाली रंबलर, म्हणजे वेग कमी करायला लावणारे उंच पट्टे, टाकत बसलं तर काय होणार ते सांगायला नको.

जागा मोजायचं साधन यायलाही वेळ लागला. मे २००० पर्यंत अमेरिका नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम चूक मिसळायची, शंभर मीटरपर्यंत फरक पडायचा, आणि आपल्या पेठांमध्ये शंभर मीटर म्हणजे गल्लीच बदलते. नकाशांचंही तेच, सर्व्हे ऑफ इंडियाचे तपशीलवार नकाशे मिळवणं म्हणजे परवानग्यांचा कारभार, २००५ च्या नकाशा धोरणानं थोडं सैल झालं आणि खरं मोकळं झालं ते फेब्रुवारी २०२१ च्या नियमांनी.

ब्लॅक स्पॉटची सरकारी व्याख्या आली २०१५ मध्ये. नॅशनल हायवेचा साधारण ५०० मीटरचा तुकडा, त्यावर तीन कॅलेंडर वर्षांत मृत्यू किंवा गंभीर जखमा झालेले ५ अपघात, नाहीतर एकूण १० मृत्यू. व्याख्या आली हे चांगलंच झालं, पण ५०० मीटर मोजायचे कुठनं? किलोमीटरच्या दगडापासून तुकडे पाडले आणि धोक्याचं वळण नेमकं दोन तुकड्यांच्या सांध्यावर आलं तर ३ अपघात इकडे, ३ तिकडे, दोन्ही तुकडे यादीबाहेर. हीटमॅपनं हे सुटतं असं वाटतं, पण साधा हीटमॅप टीपकागदावर शाई पसरावी तसा चारी बाजूंना पसरतो, त्याला डिव्हायडर कळत नाही. जपानच्या अत्सुयुकी ओकाबे यांच्यासारख्या संशोधकांनी अंतर सरळ रेषेत न मोजता रस्त्यावरनंच मोजायच्या पद्धती काढल्या त्या यासाठीच.

एक्स्प्रेसवेवर मात्र हा घोळ कमी. तिथे पुणे-मुंबई एकच दोरी, किलोमीटरच्या पाट्या, रस्ता एका खात्याकडे, त्यामुळे जागा बऱ्यापैकी नेमकी लिहिली जाते. २०१६ मध्ये एमएसआरडीसी हे राज्याचं रस्ते महामंडळ, हायवे पोलीस, सेव्हलाइफ फाउंडेशन ही रस्ता सुरक्षेची संस्था आणि महिंद्रा यांनी तिथे झिरो फॅटॅलिटी कॉरिडॉरचं, म्हणजे या रस्त्यावरचे मृत्यू शून्यावर आणायचं, काम घेतलं, आणि कडेला थांबलेल्या ट्रकला मागनं धडक हा प्रकार किती मोठा आहे ते त्यात पुढे आलं. हेच शहरातल्या रस्त्यावर करायला गेलं तर महापालिका, पीडब्ल्यूडी, हायवे प्राधिकरण आणि पोलीस, चार जण चार फायली.

२०२१ पासून आयरॅड आलं, अपघातांच्या नोंदीचं केंद्र सरकारचं अ‍ॅप, आयआयटी मद्रास आणि एनआयसी या सरकारी कॉम्प्युटर संस्थेनं बनवलेलं, पहिल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. आता पोलीस जागेवर जाऊन मोबाइलवरनंच नोंद करतात, लोकेशन आपोआप पडतं. अर्थात चौकीत परत येऊन निवांत एन्ट्री केली आणि पिन हलवायची राहिली, तर अपघात चौकीच्या दारात. आणि जे किरकोळ म्हणून जागेवरच मिटवले जातात, हजार-दोन हजार देऊन, ते तर यात येतच नाहीत.

एक गोष्ट आकडेवाल्यांना माहीत असते, बाकीच्यांना सहसा नाही. एखाद्या जागी एखाद्या वर्षी फार अपघात झाले तर पुढच्या वर्षी ते बहुतेक वेळा आपोआपच थोडे कमी होतात, काही केलं नाही तरी. रस्ता सुरक्षेचे संशोधक एझ्रा हॉवर यांनी यावर कितीतरी लिहिलंय. त्यामुळे यादीत नाव आलं, पट्टे मारले, आकडा उतरला आणि फोटोसकट श्रेय घेतलं, यातलं पट्ट्यांमुळे किती आणि नशिबानं किती ते वेगळं काढायला बरीच वर्षं आणि तसलाच दुसरा, न सुधारलेला रस्ता लागतो तुलनेला.

ब्रिटनमध्ये १९७९ पासूनच्या अपघातांच्या नोंदी कुणीही डाऊनलोड करू शकतो, जागेच्या आकड्यांसकट. आयरॅडचं लॉगिन पोलीस, आरटीओ, रस्ते खाती आणि हॉस्पिटल यांच्यासाठी आहे.