‘गो टू स्कूल’, पण ‘गो होम’: इंग्रजीतल्या दिशेच्या शब्दांची पार्श्वभूमी

‘आय ॲम गोइंग टू होम’ हे वाक्य मराठी माध्यमातून आलेल्या कितीतरी जणांच्या वहीत लाल शाईनं खोडलेलं सापडेल. ‘स्कूल’च्या आधी ‘टू’ चालतो, ‘मार्केट’च्या आधी चालतो, मग ‘होम’नंच काय घोडं मारलंय? वर्गात उत्तर मिळतं, ‘अपवाद आहे, पाठ करा.’ पण हा अपवाद आकाशातून पडलेला नाही. ‘होम’ हा एका जुन्या व्यवस्थेचा आजही वापरात राहिलेला तुकडा आहे.

साधारण इ. स. ४५० ते ११५० या काळातल्या इंग्रजीला संस्कृतसारख्या विभक्ती होत्या. आपण शाळेत ‘रामः ग्रामं गच्छति’ शिकलो. ज्या ठिकाणी जायचं त्याची द्वितीया, बाकी काही जोडायचं नाही. पाणिनीनं तर गत्यर्थक धातूंबरोबर द्वितीया आणि चतुर्थी दोन्ही चालतात, असं स्वतंत्र सूत्रच दिलं आहे (२.३.१२). लॅटिनमध्येही ‘घरी जातो’ म्हणताना ‘घर’ या शब्दाची नुसती द्वितीया येते, ‘दोमुम’. जुन्या इंग्रजीत घराला ‘हाम’ म्हणत आणि जाण्याच्या क्रियापदापुढे तोही तसाच, द्वितीयेत, एकटा यायचा. विभक्ती गेल्या, ‘हाम’चं ‘होम’ झालं, पण रचना रोजच्या बोलण्यातली असल्यामुळे तगली. मराठीतही हेच दिसतं. आपण ‘पुण्याला गेला’ म्हणतो, पण ‘घराला गेला’ म्हणत नाही, ‘घरी गेला’ म्हणतो. ‘घरी’, ‘गावी’ यांतली ती ‘ई’ जुन्या सप्तमीचीच.

एक व्यावहारिक गोष्ट इथेच सांगायला हवी. ‘होम’ एकटा असेल तरच ‘टू’ गळतो. मागे ‘माय’, ‘हर पेरेंट्स’ असं काही लागलं की तो पुन्हा साधं नाम होतो आणि ‘टू’ परत येतो: ‘शी वेंट टू हर पेरेंट्स होम’. ‘हिअर’, ‘देअर’, ‘अपस्टेअर्स’, ‘अब्रॉड’, ‘अशोर’ हे मात्र मुळात क्रियाविशेषणं आहेत, त्यांच्याआधी ‘टू’ घालू नये. ‘अशोर’मधला ‘अ’ म्हणजे झिजलेला ‘ऑन’. दिशा दाखवणारा शब्द आत आधीच बसलेला आहे, आणखी एक कशाला?

विभक्ती असण्याचा मोठा फायदा ‘इन’सारख्या शब्दांत दिसायचा. ‘घरात आहे’ हे ‘इन थॅम हूसे’, चतुर्थी. ‘घरात शिरला’ हे ‘इन थॅत हूस’, द्वितीया. ‘इन’ तोच, स्थिर की हलतं आहे ते शेवटच्या अक्षरांवरून कळायचं. जर्मनमध्ये हा भेद आजही जिवंत आहे. इंग्रजीत मात्र शब्दांच्या शेवटचे आघात नसलेले स्वर पुसट होत गेले. उत्तरेत नॉर्स, म्हणजे व्हायकिंगांची भाषा, बोलणाऱ्यांशी रोजचा संबंध आल्यावर ही झीज आणखी वाढली, असं बरेच अभ्यासक मानतात. इंग्लंडमधल्या पीटरबरो मठात ११५४ पर्यंत लिहिल्या गेलेल्या बखरीच्या शेवटच्या भागात विभक्तींचा हा डोलारा कोसळताना स्पष्ट दिसतो. मग ते काम कुणीतरी उचलायलाच हवं होतं. ‘इन’ आणि ‘टू’ जोडून ‘इनटू’ आधीपासून होता, त्याच्यावर भार वाढला. ‘ऑनटू’ बराच उशिरा, सोळाव्या शतकाच्या सुमारास आला. भार सगळीकडे सारखा पडला नाही, आणि आजच्या बऱ्याच गोंधळांचं मूळ या असमानतेत आहे.

काही ठिकाणी तर भेद कुणीच उचलला नाही. पूर्वी ‘हिअर’ म्हणजे इथे, ‘हिदर’ म्हणजे इकडे, ‘हेन्स’ म्हणजे इथून. तसेच ‘देअर, दिदर, देन्स’ आणि ‘व्हेअर, व्हिदर, व्हेन्स’. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये शिष्य येशूला ‘व्हिदर गोएस्ट दाउ’ असं विचारतो. आज ‘व्हेअर आर यू’ आणि ‘व्हेअर आर यू गोइंग’ दोन्हीत एकच ‘व्हेअर’. मराठीतही ‘कुठे आहेस’ आणि ‘कुठे चाललास’ यांत एकच ‘कुठे’ आहे, म्हणून हा बदल आपल्याला टोचत नाही.

दुसरा मोठा थर १०६६ नंतरचा. फ्रान्सच्या नॉर्मंडीतून आलेल्या नॉर्मन सत्तेबरोबर फ्रेंच क्रियापदं आली आणि ती वेगळ्या घडणीची होती. देशी इंग्रजी क्रियापद हालचाल सांगतं आणि दिशा पुढचा छोटा शब्द सांगतो: ‘गो इन’, ‘गो अप’, ‘गो डाउन’, ‘कम बॅक’. फ्रेंचकडून आलेल्या क्रियापदात दिशा पोटातच असते: ‘एंटर’, ‘असेंड’, ‘डिसेंड’, ‘रिटर्न’, ‘अप्रोच’. म्हणून ‘एंटर इनटू द रूम’, ‘रिटर्न बॅक’, ‘डिसेंड डाउन’, ‘अप्रोच टू द मॅनेजर’ या चुका ठरतात. प्रत्येकात दिशा दोनदा सांगितली आहे. (‘एंटर इनटू ॲन अग्रीमेंट’ बरोबर आहे, कारण तिथे कुणी कुठे शिरत नाही, करारात बांधलं जातं.) ‘अराइव्ह’ हा शब्द मुळात ‘किनाऱ्याला लागणे’, लॅटिन ‘रिपा’ म्हणजे काठ. पोचल्यावर माणूस तिथे असतो, म्हणून पुढे ‘ॲट’ किंवा ‘इन’ येतो, ‘टू’ नाही. ‘रीच’ देशीच आहे, पण त्याचा मूळ अर्थ हात लांबवून गाठणे. तो सरळ कर्म घेतो. आपल्या ‘स्टेशनला पोचलो’मधला ‘ला’ उचलून आपण ‘रीच्ड टू स्टेशन’ करतो, तिथे गाडी रुळावरून घसरते.

नजरेचं प्रकरण याहून सुंदर आहे. ‘सी’ म्हणजे दिसणे, नजरेस पडणे. त्याला छोटा शब्द लागत नाही. ‘लुक’ म्हणजे नजर वळवणे. जुन्या इंग्रजीत त्याच्यापुढे बहुधा ‘ऑन’ असायचा, ‘लुक अपॉन’मध्ये तो अजून आहे. रोजच्या बोलण्यात पुढे ‘ॲट’नं जागा घेतली. मराठीत ‘मी त्याला पाहिलं’ आणि ‘मी त्याच्याकडे पाहिलं’ यांत जो फरक आहे, तोच ‘सॉ हिम’ आणि ‘लुक्ड ॲट हिम’ यांत आहे. जिथे मराठीत ‘कडे’ येईल तिथे ‘लुक ॲट’, हा ताळा बहुतेक वेळा जमतो.

पण जाताना ‘टू’ आणि बघताना ‘ॲट’ का? ‘टू’नं शेवट गाठला जातो, समोरचा घेणारा असतो. ‘ॲट’ म्हणजे बिंदू, नेम. ‘थ्रो द बॉल टू हिम’ म्हणजे त्यानं झेलावा म्हणून टाकला, ‘थ्रो ॲट हिम’ म्हणजे त्याला लागावा म्हणून मारला. ‘शाउट टू’ म्हणजे लांबून हाक मारणं, ‘शाउट ॲट’ म्हणजे अंगावर ओरडणं. ‘शॉट द बर्ड’मध्ये पक्ष्याला गोळी लागली, ‘शॉट ॲट द बर्ड’मध्ये नेम धरला, लागली की नाही ते माहीत नाही. नजरही अशीच रोखली जाते. ‘लुक टू हिम’ मात्र आशेनं बघणं आहे, त्याच्याकडून काही मिळेल म्हणून.

बाकी वाटेत नजर अगदी पायांसारखी चालते. ‘गो इनटू द वेल’, ‘गो थ्रू द विंडो’, ‘गो अक्रॉस द रिव्हर’ यांत ‘गो’ काढून ‘लुक’ ठेवा, पुढचा एकही शब्द बदलावा लागत नाही. भाषाशास्त्रज्ञ लेनर्ड टॅल्मी यांनी अशा काल्पनिक हालचालीचा बारकाईनं अभ्यास केला आहे. आपणही ‘नजर गेली’, ‘नजर पोचेल तिथवर’ म्हणतोच, फक्त आपल्याकडे ‘नजर’ हे नाम चालतं, इंग्रजीत क्रियापदच चालायला लागतं.

‘टुवर्ड’मधला ‘वर्ड’ म्हणजे वळलेला. संस्कृत ‘वृत्’ (वर्तते) आणि लॅटिन ‘वेर्तेरे’ यांच्या कुळातला. म्हणून त्यात पोचण्याची हमी नाही. ‘वॉक्ड टू द स्टेशन’ म्हणजे पोचला. ‘वॉक्ड टुवर्ड द स्टेशन’ म्हणजे तोंड तिकडे होतं, एवढंच. शेवटी ‘एस’ लावायचा की नाही हा अर्थाचा प्रश्न नाही: ब्रिटनमध्ये बहुधा लावतात, अमेरिकेत बहुधा नाही.

शेवटी रोजच्या ईमेलमधली चूक: ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’. आपण वाट बघतो, तसं इंग्रजीत पुढे बघतात. संस्कृतातल्या ‘प्रतीक्षा’ आणि ‘अपेक्षा’ यांत ‘ईक्ष्’, म्हणजे बघणे, आहे आणि ‘एक्स्पेक्ट’मध्येही लॅटिनमधलं बघणंच आहे. या ‘टू’नंतर ज्याच्याकडे बघायचं ते येतं, म्हणजे नाम, म्हणून ‘मीटिंग’. शंका आली तर तिथे एखादं नाम ठेवून बघा. ‘लुकिंग फॉरवर्ड टू दिवाळी’ बसतं, म्हणून ‘टू मीटिंग यू’ही बसतं. ‘आय वॉन्ट टू दिवाळी’ बसत नाही, म्हणून तिथे ‘टू मीट यू’.