गुणगुणणारी मोटर जळालेली नसते

"मोटर जळाली, वहिनी. नवीन टाका, नाहीतर रिवाइंडिंग करा." गुहागर असो की वेंगुर्ला, वॉशिंग मशिन अडलं की पहिला निकाल हाच लागतो, तोही पुष्कळदा मागचं झाकण न उघडता. टायमर फिरवला की आतून हुंऽऽ असा आवाज येतो, पण पाण्यातली चकती हलत नाही. खरं तर आवाज येतोय म्हणजे मोटरपर्यंत वीज पोचते आहे. जळलेली मोटर बहुधा मुकी राहते किंवा फ्यूज उडवते, आणि वॉर्निशचा जळका वास पडवीभर करते.

आपल्या घरातली वीज सिंगल फेज, 230 व्होल्ट, 50 हर्ट्झची. ती एकाच वाइंडिंगमधून, म्हणजे तारेच्या गुंडाळीतून, गेली तर चुंबकीय क्षेत्र जागच्या जागी उलटसुलट होत राहतं, फिरत नाही. मोटरमधल्या पत्र्यांना सेकंदाला 100 हिसके बसतात, तीच ती गुणगुण. पायाने चालवायच्या शिवणयंत्राचं चाक नेमक्या अडनिड्या जागी थांबलं, तर पायडल कितीही दाबा, ते हलत नाही. हाताने जरा ढकललं की ढकलाल त्या बाजूला सुटतं. मोटरच्या बाबतीत ढकलायचं काम कपॅसिटर करतो, म्हणजे इलेक्ट्रिशियनचा कंडेन्सर. दुसऱ्या वाइंडिंगमधला प्रवाह तो सुमारे पाव आवर्तन पुढे काढतो आणि दोन्ही मिळून फिरतं क्षेत्र तयार होतं. इटलीत गालिलेओ फेरारिस आणि अमेरिकेत निकोला टेस्ला यांनी 1888 मध्ये स्वतंत्रपणे मांडलेली कल्पना ती हीच. सेमी-ऑटोमॅटिक मशिनच्या धुण्याच्या मोटरमध्ये दोन्ही वाइंडिंग सारखीच असतात. टायमर कपॅसिटर आलटून पालटून एकीला, मग दुसरीला जोडतो, म्हणून चकती कधी डावीकडे, कधी उजवीकडे फिरते.

आता आपली हवा. साधं मीठ हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच पाणी ओढून विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, आणि त्याला 33 टक्केसुद्धा पुरतात. म्हणजे किनाऱ्यावर पत्र्यावर, तारेवर बसलेला खारट थर पावसाळ्यातच काय, एरवीही फारसा कोरडा होत नाही. त्यातून तारांच्या टोकाची पितळी थिंबलं हिरवी पडतात, सांध्याचा रोध वाढतो, सांधा तापतो. कपॅसिटरच्या आत प्लास्टिकच्या फिल्मवर धातूचा अतिशय पातळ थर असतो. दमट हवा आत शिरली की तो खात जाते आणि क्षमता हळूहळू उतरते. त्यात संध्याकाळी व्होल्टेज पडलेलं. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. 180 व्होल्ट मिळाले तर तो 61 टक्क्यांवर येतो. अर्धमेला कपॅसिटर दुपारी मशिन चालवतो आणि रात्री अडतो, तो यामुळे.

प्लग काढा. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही. मग चकती हाताने फिरवून बघा; ती जड जात असेल तर दोष पट्ट्यात किंवा बेअरिंगमध्ये आहे. ड्रायर अडला असेल तर आधी ब्रेकची तार बघा. झाकणाबरोबर ओढली जाणारी ही तार गंजून अडकली की ब्रेक सुटत नाही आणि बिचारी मोटर त्याच्याशी झुंजत तापते. मागचं झाकण उघडल्यावर उंदरांनी कुरतडलेली तार दिसली तर आश्चर्य नको. खालची जाळी तुटली की उंदीर आत घर करतात.

कपॅसिटरमध्ये 325 व्होल्ट किंवा त्याहूनही जास्त दाबाचा भार राहू शकतो. एरवी तो वाइंडिंगमधून रिकामा होतो, पण सांधा तुटलेला असेल तर होत नाही. म्हणून हात लावण्याआधी काही हजार ओहमचा रेझिस्टर त्याच्या दोन टोकांना काही सेकंद लावायचा, रेझिस्टर इन्सुलेटेड पकडीत धरून. मग क्षमता मोजणारा मल्टीमीटर. अंगावर 10 मायक्रोफॅरड लिहिलं असेल आणि मीटर 6 दाखवत असेल, तर गुन्हेगार सापडला. नवा घेताना मायक्रोफॅरड तोच, व्होल्टेज छापलेलं तेवढं किंवा जास्त. मोठा घातला की जोर वाढतो, हा सल्ला गावोगाव मिळतो. सुटतानाचा जोर थोडा वाढेलही, पण त्याने वाइंडिंग तापतं.

कपॅसिटर ठीक निघाला तर मोटरच्या तीन तारा मोजा. सामाईक तारेपासून दोन्हींचा रोध जवळजवळ सारखा आणि त्या दोघींमध्ये त्याच्या दुप्पट आला, तर वाइंडिंग तुटलेलं नाही. मोटरचा गाभा आणि तारा यांच्यात मात्र मीटरने काहीच दाखवता कामा नये. दाखवलं, तर मशिन लावायचंच नाही, इलेक्ट्रिशियनला बोलवायचं. इन्व्हर्टर मोटरच्या फ्रंट लोड मशिनला मात्र हे सगळं लागू नाही. तिथे मोटर चालवणारं इलेक्ट्रॉनिक कार्ड असतं आणि ते घरी उघडू नये.

या निमित्ताने घराचं अर्थिंगही तपासून घ्या. जांभ्यात पाणी टिकत नाही, त्यामुळे पावसाळ्यात उत्तम असलेलं अर्थिंग एप्रिल-मेमध्ये कमजोर पडू शकतं. अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतायची जुनी पद्धत बरोबरच आहे. तिच्या जोडीला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्या.