कोपऱ्यातल्या चार ओळी: संगीतवाहिन्या आणि गाण्यांचे प्रकार

रेडिओवर एखादं गाणं आवडलं तरी ते कुणाचं, हे कळणं निवेदकाच्या मर्जीवर असायचं. त्यानं नाव घेतलं तर ठीक, नाहीतर चाल डोक्यात घोळवत बसायचं. संगीतवाहिन्यांनी ही अडचण एका साध्या पट्टीनं सोडवली. गाणं सुरू झाल्यावर काही सेकंदांत, आणि संपता संपता पुन्हा एकदा, पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात चार ओळी उमटायच्या: कलाकार, गाणं, अल्बम, रेकॉर्ड कंपनी. १९९२च्या अखेरीस एमटीव्हीनं त्यात दिग्दर्शकाचं नावही घातलं. रॅप, मेटल, टेक्नो, ग्रंज हे शब्द ज्यांना टीव्हीसमोर बसून कळले, त्यांच्यातल्या अनेकांची सुरुवात ती पट्टी घाईघाईनं वहीत उतरवण्यापासून झाली.

चित्रासह गाणं ही कल्पना मात्र वाहिन्यांहून जुनी. १९४०च्या दशकात अमेरिकेतल्या बारमध्ये पॅनोराम नावाची यंत्रं असत. नाणं टाकलं की तीनेक मिनिटांची गाण्याची फिल्म दिसे. १९६०मध्ये फ्रान्समध्ये स्कोपिटोन हे तसंच यंत्र आलं. मग आले टीव्हीवरचे साप्ताहिक कार्यक्रम. बीबीसीचा 'टॉप ऑफ द पॉप्स' १ जानेवारी १९६४ रोजी सुरू झाला आणि २००६पर्यंत चालला, पण तो खपाच्या यादीला बांधलेला होता. आधीच गाजलेलं तेच तिथे दिसणार. 'सोल ट्रेन'ची गोष्ट निराळी. डॉन कॉर्नेलियस यांनी १९७०मध्ये शिकागोत सुरू केलेला हा कार्यक्रम पुढच्याच वर्षी देशभर दिसू लागला, आणि सोल व फंक ही कृष्णवर्णीय कलाकारांची गाणी, त्यांवरच्या नाचासकट, ती कधी कानावर न पडलेल्या घरांतही पोचली. तरी तो आठवड्यातून एकदाच. चुकला की चुकला.

१ ऑगस्ट १९८१ रोजी, मध्यरात्र उलटून एक मिनिट झाल्यावर, अमेरिकेत एमटीव्ही सुरू झाली. दिवसरात्र फक्त गाणी. ही वाहिनी नवे संगीतप्रकार दाखवायला निघालेली नव्हती, उलट होती. तिची आखणी करणारे बॉब पिटमन रेडिओतून आलेले, आणि तिथला रेडिओ तोवर कप्प्यांत वाटला गेला होता. रॉकचं स्टेशन वेगळं, कंट्रीचं वेगळं, कृष्णवर्णीय कलाकारांच्या संगीताचं वेगळं. एका स्टेशनवर दुसऱ्याचं गाणं वाजणं म्हणजे सोवळ्यात ओवळं. पिटमन यांनी त्यातला गोऱ्या तरुणांना आवडणारा रॉकचा कप्पा उचलला आणि टीव्हीवर आणून ठेवला.

हा बेत फसला तो टंचाईमुळे. चोवीस तास भरायचे आणि हाताशी व्हिडिओ जेमतेम काही शे. अमेरिकेतल्या नावाजलेल्या रॉक बँडना व्हिडिओ करण्याची गरज आजवर पडलीच नव्हती. ब्रिटनमध्ये मात्र चित्र वेगळं होतं. तिथल्या आणि युरोपातल्या टीव्ही कार्यक्रमांना पाठवण्यासाठी बँड आधीपासून फिल्म तयार करत. त्यामुळे एमटीव्हीचं पहिलं गाणंच द बगल्स या ब्रिटिश जोडीचं निघालं, आणि पाठोपाठ ड्युरान ड्युरान, द ह्यूमन लीग, युरिथमिक्स यांचा रतीब सुरू झाला. गिटारऐवजी सिंथेसायझर, रंगवलेले चेहरे, यंत्राचा ठेका. अमेरिकेतल्या लहान शहरांत जो सिंथ-पॉप रेडिओनं दारातही उभा केला नसता, तो दिवाणखान्यात येऊन बसला. कुणाच्या उदार दृष्टीमुळे हे घडलं नाही, गोदामात दुसरं काही नव्हतं म्हणून घडलं. मला या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत गमतीचा भाग वाटतो.

पंक्तिभेद मात्र टंचाईतही टिकून होता. फंक गायक रिक जेम्स यांनी आपले व्हिडिओ नाकारले जातात असा उघड आरोप केला. १९८३मध्ये ब्रिटिश गायक डेव्हिड बोवी यांनी वाहिनीवरच्या मुलाखतीच्या मध्येच उलट प्रश्न केला: तुमच्याकडे कृष्णवर्णीय कलाकार इतके कमी का? समोरचे व्हीजे, म्हणजे व्हिडिओंचे निवेदक, मार्क गुडमन यांनी छोट्या गावांतल्या प्रेक्षकांची आवड सांभाळावी लागते अशा अर्थाचं उत्तर दिलं. बोवींना ते पटलेलं नाही, हे चित्रफितीत स्पष्ट दिसतं. त्याच वर्षी मार्चमध्ये मायकल जॅक्सनचं 'बिली जीन' वाहिनीवर आलं. त्यामागे रेकॉर्ड कंपनीचा दबाव होता की वाहिनीनं स्वतःहून ठरवलं, याच्या दोन्ही बाजूंच्या कथा आहेत आणि त्या जुळत नाहीत. डिसेंबरात जवळजवळ चौदा मिनिटांचा 'थ्रिलर' आला आणि वाद निदान एका कलाकारापुरता मिटला. या काळात कृष्णवर्णीय संगीत पाहायचं तर बीईटी (ब्लॅक एंटरटेनमेंट टेलिव्हिजन) ही वाहिनी होती. तिथला 'व्हिडिओ सोल' हा कार्यक्रम आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) या संगीताच्या चाहत्यांचं घरच होतं.

रॅपला आत यायला आणखी वेळ लागला. १९८६मध्ये रन-डीएमसी या रॅप त्रिकुटानं एरोस्मिथ या रॉक बँडसोबत त्या बँडचंच जुनं गाणं नव्यानं केलं. व्हिडिओत दोघांच्या खोल्यांमध्ये एक भिंत आहे आणि एरोस्मिथचा गायक माइकच्या दांड्यानं ती फोडतो. इतकं ढोबळ प्रतीक एरवी खपलं नसतं. इथे खपलं, कारण भिंत खरीच होती.

तोवर टंचाई संपली होती. व्हिडिओ हा जाहिरातीचाच प्रकार आहे हे कंपन्यांना कळलं होतं आणि फितींचा ढीग लागला होता. आता निवड करावी लागणार, म्हणजे पुन्हा कप्पे आले. पण हे कप्पे रेडिओसारखे वेगळ्या स्टेशनांचे नव्हते, एकाच वाहिनीवरच्या वेळांचे होते. १९८६मध्ये पर्यायी रॉकसाठी रविवारी रात्री उशिराचा '१२० मिनिट्स', १९८७मध्ये मेटलसाठी 'हेडबँगर्स बॉल', १९८८मध्ये 'यो! एमटीव्ही रॅप्स'. या शेवटच्या कार्यक्रमाचं मूळ रूप अमेरिकेत नव्हे तर आदल्या वर्षी एमटीव्ही युरोपवर सुरू झालं होतं, आणि ते सादर करणारी सोफी ब्रामली ही फ्रेंच छायाचित्रकार होती. अमेरिकेत त्याचा निवेदक फॅब फाइव्ह फ्रेडी कॅमेरा घेऊन रॅपरांच्या वस्त्यांत जायचा. गाणं ज्या रस्त्यावर जन्मलं तो रस्ताच दिसायचा, तिथले कपडे, तिथली बोली. नुसत्या कॅसेटवरून यातलं निम्मंही कळलं नसतं.

अडनिड्या वेळांचा एक फायदा होता. जागे राहणारे थोडे, पण ते मन लावून पाहणारे. आणि दार आतून उघडं होतं: रात्रीच्या कार्यक्रमात चाललेलं गाणं दिवसाच्या रतिबात जाऊ शकत होतं. सिअॅटल परिसरातल्या निर्वाणा या ग्रंज प्रकारच्या रॉक बँडचा गाजलेला व्हिडिओ सप्टेंबर १९९१मध्ये '१२० मिनिट्स'मध्ये पहिल्यांदा दाखवला गेला आणि काही आठवड्यांत तो दिवसभर दिसू लागला. ग्रंज हा शब्द जगाला ठाऊक झाला तो या वाटेनं. याहून आडवाटेची ओळख १९९३पासून 'बीव्हिस अँड बटहेड' या व्यंगपटमालिकेनं करून दिली. सोफ्यावर बसलेली दोन बावळट पोरं व्हिडिओंची टिंगल करत, आणि व्हाइट झोंबीसारखा फारसा माहीत नसलेला मेटल बँड त्यांना आवडला म्हणून त्याचे अल्बम खपू लागले. समीक्षकांनी यावर काय म्हणावं!

अमेरिकेबाहेर गोष्टी वेगळ्या वळणानं गेल्या. कॅनडात १९८४मध्ये मचम्युझिक आली, दोन वर्षांनी फ्रेंच भाषेतली म्युझिकप्लस. मायामीत १९८५मध्ये सुरू झालेल्या 'द बॉक्स'वर प्रेक्षक पैसे मोजून फोन करत आणि आपल्या पसंतीचं गाणं लावत. मोठ्या वाहिनीनं टाळलेलं रॅप तिथे सर्रास दिसे. एमटीव्ही युरोप १ ऑगस्ट १९८७पासून अनेक देशांत एकच इंग्रजी प्रक्षेपण दाखवायची. तिथे 'पार्टी झोन'सारख्या कार्यक्रमांतून हाउस आणि टेक्नो हे यंत्रांवर रचलेल्या नाचाच्या संगीताचे प्रकार आले, ज्यांत गायकाचा चेहराच नसतो आणि व्हिडिओत नेमकं काय दाखवायचं हा प्रश्न कायमचा असतो. जर्मनीत १९९३मध्ये जर्मन गाण्यांना जागा देणारी व्हिवा उभी राहिली. आशियात १९९१मध्ये हाँगकाँगच्या स्टार टीव्हीच्या उपग्रहावरून एमटीव्ही उतरली. १९९४मध्ये ती भागीदारी तुटली, स्टारनं चॅनेल व्ही काढलं, आणि पुढे दोन्ही वाहिन्या जिथे पोचतील तिथल्या भाषेतल्या गाण्यांकडे वळल्या.

नकळत नवे प्रकार भेटवण्याचा संगीतवाहिन्यांचा हा गुण इंटरनेटनं संपवला असं सर्रास म्हटलं जातं. मला वाटतं, वाहिन्यांनी तो आधीच अर्धा संपवला होता. १९९२मध्ये 'द रिअल वर्ल्ड' आल्यावर गाण्यांची वेळ रिअॅलिटी कार्यक्रमांना जाऊ लागली. 'हेडबँगर्स बॉल' आणि 'यो!' दोन्ही १९९५मध्ये बंद झाले. १९९८पासून 'टोटल रिक्वेस्ट लाइव्ह'मध्ये रोज दहा लोकप्रिय गाण्यांची यादी, म्हणजे फिरून 'टॉप ऑफ द पॉप्स'च. मग डिजिटल प्रक्षेपणात वाहिन्यांना जागाच जागा झाली आणि प्रत्येक प्रकाराला स्वतंत्र चॅनेल मिळालं: ब्रिटनमध्ये १९९९ला हिप-हॉप व आर अँड बीसाठी एमटीव्ही बेस, २००१ला रॉक-मेटलसाठी केरँग टीव्ही. चाहत्यांची सोय झाली, यात शंका नाही. पण मेटलवाल्याला आता रॅप संपायची वाट पाहावी लागत नव्हती, आणि ओळख नेमकी त्या वाट पाहण्यातच होत असे. पिटमन यांनी रेडिओतून उचललेले कप्पे वीस वर्षांनी पूर्ण आकाराला आले.

२००५मध्ये यूट्यूब आलं तेव्हा क्रम उलटला. टीव्हीवर आधी गाणं आणि मग कोपऱ्यात नाव; शोधपट्टीत आधी नाव टाकायचं, मग गाणं. २०१०मध्ये एमटीव्हीनं आपल्या बोधचिन्हाखालचे 'म्युझिक टेलिव्हिजन' हे शब्द काढून टाकले. व्हिवा २०१८च्या अखेरीस बंद झाली, केरँग टीव्ही २०२४च्या मध्यावर, आणि ब्रिटनमधल्या एमटीव्हीच्या निव्वळ संगीताच्या पाच वाहिन्या ३१ डिसेंबर २०२५ रोजी.