कुदळ-घमेल्याचं शिबिर : खानदेशातल्या ‘रासेयो’ची पार्श्वभूमी

डिसेंबर-जानेवारीत जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या एखाद्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेसमोर सतरंज्या, पातेली आणि पन्नासेक मुलं-मुली उतरताना दिसली, की कॉलेजचं राष्ट्रीय सेवा योजनेचं (‘रासेयो’चं) शिबिर लागलं म्हणून समजावं. हिवाळाच का, सातच दिवस का आणि हातात कुदळच का, याची उत्तरं बरीच मागे जातात.

श्रमदान खानदेशाला सरकारी योजनेनं शिकवलं नाही. २७-२८ डिसेंबर १९३६ ला काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन फैजपूरला झालं. त्यासाठी राबणाऱ्यांत धनाजी नाना चौधरी होते, साने गुरुजी होते. फैजपूरचं महाविद्यालय आज धनाजी नानांच्याच नावानं ओळखलं जातं. त्याआधी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवताना गुरुजींनी विद्यार्थ्यांचं वसतिगृहही सांभाळलं होतं. वर्गाबाहेरचं शिक्षण ही कल्पना इथे अशी मुरलेली होती. अमळनेरला प्रताप कॉलेज मात्र १९४५ मध्ये निघालं.

दिल्लीत कागद सरकायला वेळ लागला. विद्यापीठ शिक्षणाचा विचार करायला नेमलेल्या राधाकृष्णन आयोगानं विद्यार्थ्यांसाठी ऐच्छिक सेवा सुचवली. १९५९ मध्ये नेमलेल्या चिंतामणराव देशमुख समितीनं एकदम दुसरं टोक गाठलं : कॉलेजात जाऊ इच्छिणाऱ्यांना नऊ महिने ते वर्षभर सक्तीची सेवा. ते काही झालं नाही. चीन युद्धानंतर एनसीसी सक्तीची झाली आणि त्या सक्तीला पर्याय शोधताना १९६७ मध्ये सेवा योजनेची चर्चा पुन्हा वर आली. शेवटी गांधी जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ ला, ३७ विद्यापीठांत ४०,००० विद्यार्थ्यांसह ती सुरू झाली. खानदेशातली कॉलेजं तेव्हा पुणे विद्यापीठात होती. जळगावचं स्वतंत्र विद्यापीठ १९९० चं.

शिबिराला कुदळ चिकटली ती दुष्काळामुळे. १९७३ च्या शिबिरांचा विषयच ‘दुष्काळाविरुद्ध युवक’ होता, आणि १९७२ चा दुष्काळ महाराष्ट्रानं चांगलाच भोगला होता. पाणी-मातीची कामं तेव्हापासून शिबिरांत ठाण मांडून बसली.

आजचा हिशेब असा : स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, आणि एक निवासी शिबिर. ते पूर्वी दहा दिवसांचं असे, आता सात. शंभर स्वयंसेवकांच्या एककातून (युनिटमधून) निम्मी मुलं शिबिराला येतात. तारीख ठरवतं परीक्षेचं वेळापत्रक. दिवाळीच्या सुटीत गाठावं, तर निम्मी मुलं घरच्या कापूस वेचणीला गेलेली असतात. म्हणून शिबिर हिवाळ्यात सरकतं, आणि घोळ इथेच होतो.

वनराई बंधाऱ्याचंच, म्हणजे माती भरलेल्या गोण्या रचून नाल्यात घातलेल्या कच्च्या बांधाचंच बघा. दहा मीटर रुंदीच्या नाल्यात मीटरभर उंचीचा बंधारा घालायचा तर सिमेंटच्या ५०० ते ६०० रिकाम्या गोण्या लागतात. गोणी पाऊणच भरायची आणि तोंड शिवायचं. ठासून भरलेली गोणी दगडासारखी गोल बसते, शेजारणीला टेकत नाही, मग फटीतून पाणी जातं. थर विटांसारखे सांधे मोडून रचायचे, मधे मातीचा थर द्यायचा, पाया उंचीच्या दुपटी-अडीचपटीनं रुंद ठेवायचा. बंधारा मधोमध क्वचितच फुटतो. टोकं काठात खोदून नीट गाडली नाहीत, की पाणी बगलेनं माती कापत निघून जातं. पण हे सगळं शहाणपण नाल्याला धार असेपर्यंतच, म्हणजे साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात, कामाचं. जानेवारीत सातपुड्याच्या पायथ्याचे काही नाले सोडले, तर बंधारा अडवणार काय?

वृक्षारोपणाचीही तीच गत. उद्घाटनाला पाहुण्यांच्या हस्ते लावलेलं रोप मे महिन्यातल्या ४५ अंशांत पाण्यावाचून टिकत नाही. त्यापेक्षा शिबिरात दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डे घ्यावेत, उन्हाळाभर तापू द्यावेत आणि पहिल्या चांगल्या पावसानंतर रोपं लावावीत. फोटोला खड्डे शोभत नाहीत, एवढीच अडचण.

शोषखड्ड्याला, म्हणजे घरातलं सांडपाणी जमिनीत मुरवणाऱ्या खड्ड्याला, ऋतूची फारशी अट नाही, जमिनीची आहे. तापीकाठच्या भारी काळ्या मातीत पाणी लवकर मुरत नाही. मीटरभर खोलीचा ठरावीक खड्डा तिथे पहिल्याच पावसाळ्यात तुंबतो. आधी हातभर खड्डा खणून त्यात दोन बादल्या पाणी ओतून बघावं. तासाभरानंतरही ते हललं नाही, तर मुरमापर्यंत खाली जावं किंवा जागा बदलावी. मोरीचं पाणी आत सोडण्याआधी गाळ बसायला छोटी टाकीही हवीच. नाहीतर साबणाचा चिकटा आणि खरकटं दगडांच्या फटी बुजवून टाकतं.

नव्या शैक्षणिक धोरणात रासेयोला श्रेयांक (क्रेडिट) मिळू लागले, त्यामुळे तासांच्या नोंदी काटेकोर झाल्या. त्या १२० तासांतले साधारण १०० प्रत्यक्ष कामाचे असतात आणि ते शिबिराबाहेर, वर्षभरात कधीही भरता येतात. कॉलेजनं कामासाठी निवडलेलं दत्तक गाव कॉलेजपासून पंधरा-वीस किलोमीटरवर असेल, तर ऑक्टोबरातले दोन रविवार बंधाऱ्याला आणि जुलैतले दोन रोपांना देणं सहज जमतं. गोण्यांसाठी गावातल्या बांधकामवाल्यांना ऑगस्टपासूनच सांगून ठेवावं लागतं.